गवताच्या राखणीला उभी काठी

मी काठी बोलतेय. हसू नका, साध्या बांबूची असले तरी सरकारी कामावर आहे. दूरदेशीच्या बनात वाढले आणि आम्स्टरडॅमजवळच्या एका दुकानात टोमॅटोच्या रोपांचा आधार म्हणून विक्रीला उभी राहिले. टोमॅटो काही नशिबात नव्हते. पक्षी जपणाऱ्या मंडळींनी मला उचललं, डोक्याला पांढरा रंग फासला आणि यापच्या कुरणात आणून रोवलं.

याप म्हणजे साठी ओलांडलेला, मोजकं बोलणारा शेतकरी. गाई पाळतो, दूध विकतो. त्याच्या कुरणात दर वसंतात लांब चोचीचे ग्रुटो पक्षी येतात आणि थेट गवतातच अंडी घालतात. गवत लवकर कापलं की घरटं यंत्राखाली गेलंच. म्हणून सरकार शेतकऱ्याला अनुदान देतं. जूनच्या मध्यापर्यंत गवताला हात लावू नकोस, तुझं नुकसान आम्ही भरून देतो.

काम न करण्याचा मोबदला! मला आधी थट्टाच वाटली. पण उभं गवत राठ होतं, गाई त्याला तोंड लावत नाहीत, हे मी इथे उभ्याउभ्या पाहिलंय. पाखराच्या बाळंतपणाची सोय लोकांच्या करातून करणारा देश आणि ती निगुतीने पाळणारा शेतकरी, दोघांचंही मला फार कौतुक वाटतं.

एप्रिलात एका घरट्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे माझी एक बहीण, अशा आम्ही पहाऱ्याला उभ्या राहिलो. आम्हाला रोवलं ते निशिगंधाने. ती मूळची पुण्याची, आयटीतली, राहायला आम्स्टरडॅमलगतच्या डीमनला. शनिवारी इथे फुकट राबायला यायची. मन लोण्याचं. अंड्यांवर बसलेली मादी पाहून तिने फोनवर आईला सांगितलं, "अगं, बाळंतीणच ती. उपाशी कशी ठेवायची?" आणि डब्यातला भात घरट्याशेजारी ठेवून गेली.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. भातावर कावळे आले आणि भात संपल्यावर त्यांना अंडी दिसली. मी जागची हलू शकत नाही, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी यापने फुटकी टरफलं आणि उरलेली शितं पाहिली. "हे तू ठेवलंस?"

"हो. मला वाटलं, तिला भूक लागली असेल." तिचे डोळे भरून आले. "सॉरी, याप."

"ती गांडुळं खाते." त्याने टरफलं गोळा केली. "पुढच्या शनिवारी ये. कधीकधी त्या पुन्हा अंडी घालतात."

मादीने खरंच पुन्हा अंडी घातली. निशिगंधाने आम्हाला नव्या घरट्यापाशी हलवलं. पिल्लं निघाली, पण जून उजाडल्यावर. अनुदानाची मुदत संपली तेव्हा ती नुसती लोकरीचे गोळे होती, गवतात पळत होती, उडता येत नव्हतं. शेजारच्या शेतांत यंत्रं घरघरू लागली. याप ट्रॅक्टरवर चढला आणि निशिगंधा धावत आली.

"याप, त्यांना अजून पंख नाहीत. आणि हा उशीर माझ्यामुळे झालाय."

याप खाली उतरला. त्याने मला उपटलं आणि पिल्लं होती त्या पट्ट्याच्या कडेला पुन्हा रोवलं. "हिच्या पुढे कापायचं नाही."

"पण आता तुम्हाला याचं काहीच मिळणार नाही."

"सरकारने तारखेपर्यंतचं दिलं. पिल्लांना तारीख कोण सांगणार?"

जूनअखेर दोन पिल्लं उडाली. बाकीची कुठे गेली, ठाऊक नाही. आता मी यापच्या गोठ्यात भिंतीला टेकून आहे, बुंध्याला जरा चिरलेय, तरी पुढचा हंगाम निभावेन.

तुम्ही कधी इकडे सायकलवरून जाल. सगळीकडे कापणी झालेली असेल आणि मध्येच एक पट्टा रानटी वाढलेला दिसेल. त्या शेतकऱ्याला आळशी म्हणू नका. तिथे कोणीतरी अजून उडायला शिकतंय.