आगीच्या आठवड्याचा अंक

साप्ताहिकाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा ताईंनी विशेषांकात त्याचाच इतिहास छापायचं ठरवलं. हे साप्ताहिक सिनेमाच्या धंद्यातल्या लोकांसाठी निघायचं. कुठला सिनेमा किती आठवडे टिकला, कुठल्या थिएटरला टाळं लागलं, कुणाचं कुणाशी फिसकटलं, सगळं त्यात. प्रेक्षकांना त्याचं नावही ठाऊक नसे, पण थिएटरमालक शुक्रवारी चहाआधी ते उघडत. ताईंच्या वडिलांनी, अप्पांनी, ते एका खोलीत सुरू केलं. त्याच खोलीत आता ताई संपादक म्हणून बसत.

लिहिता लिहिता त्या साप्ताहिकाच्या अठराव्या वर्षापाशी अडल्या. त्या वर्षी सगळ्यात मोठ्या स्टुडिओच्या कपडेपटाला आग लागली होती. कपडे चोरीला जाऊ नयेत म्हणून दाराला बाहेरून कुलूप घातलेलं. आत शिवणकाम करणाऱ्या पाच बायका. एकही वाचली नाही. बाकीच्या वर्तमानपत्रांनी 'किरकोळ आग' म्हणून दोन ओळींत विषय मिटवला. अप्पांनी मात्र पहिल्या पानावर कुलपासकट सगळं छापलं, आणि पाचही जणींची नावं.

ताई ते पान पुन्हा छापणार याची कुणकुण लागताच स्टुडिओचे धाकटे मालक स्वतः आले. विशेषांकाची निम्मी पानं त्यांच्याच जाहिरातींची होती.

"ताई, भरभरून लिहा. फक्त तेवढा आठवडा गाळा. वडील थकलेत आता."

"गाळते. आणि त्या जागी काय लिहू? त्या आठवड्यात साप्ताहिक सुटीवर होतं?"

"विनंती करतोय मी."

"विनंतीच आहे ना? मग नाही म्हटलेलं चालेल तुम्हाला."

ते ताडकन उठले. "जाहिराती काढून घेतो!"

"खुशाल घ्या. दार ओढून घ्या फक्त, वाऱ्यानं कागद उडतात."

ते गेले. पानं लावणारे मामा अप्पांच्या वेळेपासूनचे. ताई त्यांच्याकडे वळल्या. "मामा, चुकलं का माझं?"

मामांनी चष्मा पुसला. "अप्पांनीही मला विचारलं होतं, नावं छापू का म्हणून. मी नको म्हणालो. टरकलो होतो गं. आता मला विचारू नकोस. पान दे, लावतो."

अंक निघाला तो रोडावलेलाच. पण ते जुनं पान त्यात जसंच्या तसं होतं.

सोमवारी पन्नाशीची एक बाई जिना चढून आली. हातात तोच अंक. तिनं तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. "ही माझी आई. हिनं इस्त्री चालू ठेवली म्हणून आग लागली, असं सांगितलं होतं आम्हाला. बाबा मरेपर्यंत मान खाली घालून जगले. कुलपाचं कुणीच बोललं नाही."

ताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं.

"अजून चार अंक द्या," ती म्हणाली. "बाकीची घरं मी शोधते."

शोधायला तिला तीन आठवडे लागले. मग पाच घरची माणसं स्टुडिओच्या फाटकाशी उभी राहिली. मागणी एकच: नावं आत, भिंतीवर लावा. पहारेकरी त्यांना हटवायला धावला, तोच कपडेपटातल्या आताच्या बायका गळ्यात मापाच्या फिती तशाच ठेवून बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या दिवशी शूटिंग झालं नाही.

जाहिराती परत आल्या नाहीत. पुढचा अंक चारच पानांचा निघाला. पहिलं पान ताईंनी सगळंच्या सगळं त्या फाटकाला दिलं.