मागची खोली

कल्पिताने गुडघे टेकून फरशीच्या भेगेवरून बोट फिरवलं. मागच्या खोलीत पलंगाच्या पायापासून थेट मोरीपर्यंत ती भेग गेली होती.

"इथूनच येत असणार," ती म्हणाली.

पाच महिन्यांच्या सान्वीला खांद्यावर घेऊन शिवानी दारात उभी होती. कल्पिता कॉलेजात संशोधन करायची. दिवाळीनंतर तिने कोपर गावातल्या बैठ्या घरांत छोट्या डब्या टांगल्या होत्या. जमिनीतून वर येणारा रेडॉन वायू घरात किती साठतो, ते त्यांतल्या फिल्मवरून कळतं. आज ती निकाल सांगायला आली होती.

"पुढची खोली चांगली आहे. इथं मात्र प्रमाण जास्त आलंय. या वायूला वास नाही, रंग नाही. लगेच काही होत नाही, पण वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिला तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. इथं कोण झोपतं?"

"मी," शिवानीच्या सासूबाई, गंगुबाई म्हणाल्या. त्या खाली बसून सुपात सुकट निवडत होत्या. "पोरीच्या खोलीत नाय ना काय?"

"नाही आजी. तिकडं वारा खेळतो."

"मग झालं. बरं केलंस बाय, येऊन सांगितलंस." त्यांनी दोन मुठी सुकट कागदात बांधून तिच्यापुढे सरकवली.

पुढची खोली मुळात सासूबाईंचीच. बाळंतपण करून शिवानी माहेरून परतली, तेव्हा त्यांनी आपलं अंथरूण मागे हलवलेलं होतं. मला अंधारातच झोप लागते, म्हणाल्या होत्या. शिवानीनेही आणि तिच्या नवऱ्याने, संदेशनेही ते खरं मानलं होतं.

"भेगा सिमेंटने बुजवून घ्या," कल्पिता म्हणाली. "आणि कपाटामागची खिडकी मोकळी करा. आजी, इथं कधी कोंडल्यासारखं वाटायचं?"

"वाटायचं की. पहिल्या रात्रीच वाटलं." गंगुबाईंची नजर सुपावरच होती. "म्हणून तर पोरीला इथं ठेवली नाय."

शिवानीने सान्वीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, हात सुकटीचे आहेत माझे."

"असू देत."

शिवानी कपाट ओढू लागली, तशी कल्पिताने न सांगताच त्याची दुसरी बाजू धरली. दोघींनी ते ओढून काढलं, खिडकी उघडली. मग शिवानीने पलंगावरची उशी आणि गोधडी उचलली आणि ती पुढे निघाली.

"ते कुठं नेतेस?"

"तुमच्या खोलीत," शिवानी म्हणाली.