सापिरांगाहून दोंगग्वानला

मी बुटांचे चामडे शिवणारे एक जुने मशीन आहे. मित्रांनो, आज माझी सुई गंजली आहे. पण ब्राझीलमधल्या सापिरांगा गावी मी सतरा वर्षे अमेरिकेतल्या बायकांचे बूट शिवले. मला चालवायची नेउझा. कारखान्याचे मालक ओतमार पाहुण्यांना माझ्यापाशी आणून म्हणत, "टाके बघा, जणू मुंग्यांची रांग!" तेव्हा नेउझा लाजायची आणि मी मात्र फुलून जायचे.

पुढे अमेरिकेचे व्यापारी चीनकडे वळले. तिथे बूट स्वस्त पडत. ओतमारांनी कारखाना बंद केला आणि आम्हा मशीनांना तिथल्या दोंगग्वान शहरातल्या एका कारखानदाराला विकले.

"नेउझा, तूही तीन महिने जा," ते म्हणाले. "तिथल्या पोरींना शिकव. पगार चांगला देतील."

"म्हणजे माझं काम मीच त्यांच्या हातात देऊन यायचं?"

नेउझाचा नवराही त्याच कारखान्यातून घरी बसला होता. ती निघाली.

दोंगग्वानला माझ्यापुढे शुफेन बसली. दूरच्या हूनान प्रांतातल्या खेड्यातली, एकोणीस वर्षांची. नेउझाने मनात आणले असते तर अर्धेमुर्धे शिकवून ती मोकळी झाली असती. पण तिने हातचे काही राखले नाही. शेवटच्या दिवशी शुफेनने दुभाष्याकरवी विचारले, "मावशी, तुमच्याकडे आता हे काम कोण करतं?"

"कुणी नाही गं."

शुफेनचे हात थांबले. डोळे भरून आले.

"वेडे, तू कशाला रडतेस? तुझ्याही घरी खाणारी तोंडं आहेतच ना? चालव!"

चार वर्षांनी अमेरिकेतल्या बँका कोसळल्या. तिथे बूट कोणी घेईना, म्हणून इथे कोणी शिवून मागेना. एका सकाळी फाटकाला कुलूप लागले. मालक पसार झाला होता. खिडकीतून मला शुफेनचा आवाज ऐकू आला, "काका, माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही चुकलं, पोरी," म्हातारा पहारेकरी म्हणाला. "चुकलं ते तिकडे लांब कुणाचं तरी. जा, गावची गाडी मिळेल अजून."

आता मी भंगारात पडून आहे. मित्रांनो, मला समुद्रापार पाठवताना पेंढ्यात गुंडाळले होते, खोक्यावर 'जपून उचला' असे लिहिले होते. नेउझा आणि शुफेन घरी परतल्या, तेव्हा त्यांना जपून उचलायला कोणीच नव्हते. उद्या जगाचा कारभार तुमच्या हाती येईल. तेव्हा एखादे यंत्र हलवण्याआधी त्याच्यापुढे बसलेल्या बाईला एवढे तरी विचारा, "बाई, तू आता कुठे जाणार?"