पेरूची तोड

आपण काय शिकतो, असं सासरी कुणी विचारलं की निकिता एवढंच सांगायची, "वाटेचा भरवसा किती, ते मोजायचं." त्यावर तिच्या सासूबाई, रंगूबाई, म्हणायच्या, "त्यात काय मोजायचंय? कळंबपास्नं बारामतीपातूर खड्डंच हायती."

तिचा विषय गणितातला, फझी ग्राफ. या आकृतीत ठिपके असतात, त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात. पण रेषा आहे किंवा नाही, एवढ्यावर भागत नाही. प्रत्येकीला शून्य ते एकच्या मधला भरवसा द्यायचा. आणि अख्ख्या वाटेचा जोर तिच्यातल्या सगळ्यात कच्च्या रेषेइतकाच.

आज दुपारी बारामतीच्या कॉलेजात समितीपुढं काम मांडायचं होतं. मागच्या खेपेला तान्ही लेक, पूर्वी, तापली म्हणून राहिलं. आज राहिलं तर पीएचडीची नोंदणीच रद्द. म्हणून निकितानं दोन वाटा बांधल्या होत्या. नवरा अविराज गाडीनं सोडणार आणि पूर्वीला रंगूबाई सांभाळणार, ही एक. ती मोडली तर निकिता एसटीनं जाणार, पूर्वी शेजारच्या सुकन्यावहिनींकडं. यातलं कुणीही शब्द फिरवणारं नव्हतं.

सकाळी व्यापाऱ्याचा फोन आला. पेरू उद्या नको, आजच हवा.

"माल झाडावर पिकून जाईल गं," अविराज गाडीत क्रेट टाकत म्हणाला. "म्याडमला सांग की जरा."

रंगूबाईंनी तोडीला जायला डोक्याला फडकं बांधलं. निकिता पूर्वीला काखेत घेऊन शेजारी गेली, तर वहिनी दाराला कडी घालत होत्या.

"तुमच्याच बागंत निघाले बाई. सावड फेडायची हाय. आमच्या वांग्याच्या तोडीला तुमच्या आत्या आलत्या न्हवं?"

एकमेकींच्या रानात राबून फेडायची ही रीत निकिताला माहेरापासून ठाऊक होती. आजच्या वाटांच्या मनातल्या आकृतीत तेवढी ती काढायची राहिली. वेगळ्या म्हणून धरलेल्या दोन्ही वाटा एकाच बागेतून जात होत्या.

"समद्यांच्या भाकरी टाक," रंगूबाई जाता जाता म्हणाल्या. "आन् पिठलं."

पीठ मळता मळता तिनं मार्गदर्शक राजलक्ष्मी मॅडमना फोन लावला.

"लेकीला घेऊनच ये," मॅडम म्हणाल्या. "समितीला चालेल का, ते मला सांगता येत नाही. पण ये."

निकितानं पिठावर ताट झाकलं, गॅस बंद केला.

एसटीनं वालचंदनगर सोडलं आणि रंगूबाईंचा फोन आला.

"भाकरी कवा आणतीस गं?"

"आत्या, मी एसटीत हाय. पीठ मळून ठेवलंय. आज मला न्हाय जमायचं."

पलीकडून फोन कुणी ठेवला नाही. बागेतल्या बायकांचं हसणं, क्रेट आपटल्याचे आवाज येत राहिले. शेवटी तिनंच फोन बंद केला.

पूर्वी तिच्या उजव्या दंडावर झोपून गेली होती. कागद काढायला हात मोकळा नव्हता. समितीपुढचं पहिलं वाक्य निकितानं मनातच जुळवायला घेतलं. पण ते पुरं व्हायच्या आत संध्याकाळी उघडायचं घराचं दार समोर यायचं, आणि ती पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायची.