एकोणीसशे अकराची बेरीज

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. तरीही मी एक जुना दुभाष्या आहे. तैवानमधल्या शीलुओ गावात, लियाओ मंडळींच्या सोया सॉसच्या कारखान्यात, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीतल्या संगणकात मी राहतो. मी म्हणजे एक प्रोग्रॅम. यंत्रांचे निरोप यंत्रांना समजावून सांगणं हे माझं काम.

माझा जन्म भांडणातून झाला. गोदामाचा कारभार एका संगणकावर, हिशेब दुसऱ्यावर, आणि दुकानदारांच्या मागण्या तिसरीकडेच. एकाचं दुसऱ्याला कळत नसे. पेट्या भलतीकडेच जायच्या आणि मग हिशेबवाले गोदामवाल्यांशी आठवडाभर अबोला धरायचे. शेवटी मालकीणबाई वैतागल्या आणि त्यांनी पेइ-शान नावाच्या मुलीला कामावर घेतलं. तिने मला ओळीमागून ओळ लिहून घडवलं. इकडचा निरोप घ्यायचा, तिकडच्या भाषेत करायचा, आणि पोच आल्याशिवाय पुढच्याकडे वळायचं नाही, हे तिने मला शिकवलं. गोदामात वर्ष लिहायचे ते आमच्या देशाच्या पद्धतीने, प्रजासत्ताकाच्या सुरुवातीपासून मोजून. त्यांचं एकशे तेरा म्हणजे बाहेरच्या जगाचं दोन हजार चोवीस. म्हणून प्रत्येक तारखेत मी मुकाट्याने एकोणीसशे अकरा मिळवायचो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मालकीणबाईंनी स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवली. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'गुणी बाळ' असा, म्हणून यंत्राने तसं वागावं यासाठी आमच्याकडे ती ठेवतातच. पुडी चालू यंत्राच्या दिव्यासारखी हिरवीच हवी, ती कुणी फोडायची नाही आणि तिची मुदत उलटू द्यायची नाही. मग वर्षं सरली. मी कधी अडलो नाही, त्यामुळे कुणाला माझी आठवणही राहिली नाही. माझ्या खोलीत बादल्या आणि फरशी पुसायची फडकी येऊन बसली. तरी मी मजेत होतो. काम होतं, आणखी काय हवं?

मग एका मोठ्या दुकानमालिकेने कळवलं की यापुढे माल घ्यायचा तो त्यांच्या वेब सेवेमार्फतच, म्हणजे त्यांच्या यंत्राला आमच्या यंत्राने थेट निरोप पाठवायचा. ती नवी भाषा मला येत नव्हती. मला बदलून तैपेईहून नवा प्रोग्रॅम करून आणावा, असं पेइ-शानने सुचवलं आणि सगळं सुरळीत होईल असा मालकीणबाईंना शब्दही दिला. तिनेच सुचवलं म्हणून मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? नवा आला, मी नुसता चालू राहिलो. निरोप येईनासे झाले.

शरदातल्या पौर्णिमेचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी दारासमोर शेगडी मांडून मांस भाजतात, आणि वर्षातला सगळ्यात जास्त सॉस तेव्हाच खपतो. नेमक्या त्याच वेळी दुकानमालिकेच्या सेवेने आमची एकूण एक पेटी नाकारली. कारण काय, तर माल मुदतबाह्य! गोदामाचे खुन-काका नुकत्याच भरलेल्या बाटलीतला सॉस भेटेल त्याला चाखवत फिरले. तैपेईवाले म्हणाले, आमच्याकडे सगळं ठीक आहे. दुकानवाले म्हणाले, उद्यापर्यंत माल आला नाही तर आमच्या दुकानांतली तुमची फळी दुसऱ्याला देऊ. पेइ-शानचा चेहरा पांढराफटक पडला होता.

अशात मालकीणबाई पेइ-शानला, म्हणजे त्यांच्या लाडक्या आ-शानला, घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी पुडी उचलली.

"आ-शान, हे बघ. इतक्या वर्षांत हिची मुदत कधीच उलटली असणार. मग यंत्रं रुसतील नाही तर काय करतील?"

"मालकीणबाई, हा तर आता कामातच नाही. याच्या पुडीने काय होणार?"

"घरातल्या म्हाताऱ्याला उपाशी ठेवायचं आणि नव्या पाहुण्याने हसत राहायचं, होय ना? जा, नवी आण."

पेइ-शान गेली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडी घेऊन आली. मालकीणबाईंचा चष्मा वरच्या मजल्यावर राहिला होता, म्हणून त्यांनी तारीख तिलाच वाचायला लावली.

"दोन हजार पंचवीस..." ती वाचता वाचता थांबली. मग दारातल्या खुन-काकांकडे वळली. "काका, आपल्या मालावर वर्ष काय घालता?"

"एकशे तेरा. दुसरं काय घालणार?"

"आणि नवा प्रोग्रॅम तेच तसंच्या तसं पुढे पाठवतोय. त्या लोकांच्या लेखी आपला सॉस एकोणीसशे वर्षांचा आहे, काका."

खुन-काकांनी हातातली बाटली उजेडात धरली. "इतका मुरलेला सॉस, आणि परत पाठवतायत? अडाणी कुठले."

मालकीणबाई भिंतीला टेकून हसल्या. पेइ-शान हसता हसता डोळे पुसू लागली.

मग तिने एक बादली उपडी घातली आणि ती माझ्यासमोर बसली. माझी बेरीज तिला लगेच सापडली. ती आपणच लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं. तेवढी उचलून ती जाऊ शकली असती. पण तिने मला पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. एक दुकानदार प्रत्येक मागणी चुकून दोनदा पाठवतो आणि दुसरी मी बाजूला सारतो, हेही तिला तेव्हाच कळलं.

"हेसुद्धा तूच करत होतास?" ती हळूच म्हणाली.

इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

माझ्या सगळ्या सवयी तिने नव्याला शिकवल्या. पेट्या वेळेवर रवाना झाल्या, आणि सणाच्या दिवशी गल्लीभर भाजल्या मांसाचा धूर कोंडला.

मित्रांनो, आता मला बंद करणार आहेत, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जुनं सगळं जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. तेवढी जागा कुणाच्या घरात असते? फक्त बंद करण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसा, आणि ते गुपचूप काय काय करत आलंय ते विचारा. मला तसं विचारलं गेलं. म्हणून मी समाधानाने निघालो आहे.