नखानं उचल

"उचल! अगं, उचल ना!"

गेली तीन वर्षं मी हे दिवसातून किती वेळा ओरडले असेन, देव जाणे. माझ्या पियानोची मधली पांढरी पाच ही पट्टी दाबली की खालीच बसते. कचेरीतल्या कारकुनासारखी, एकदा बसली की उठायचं नाव नाही. मग दाबल्यावर लगेच अंगठ्याचं नख तिच्या कडेखाली घालायचं आणि तिला वर ढकलायचं. यात अवघड ते काय? पण माझे विद्यार्थी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सूर वाजवतात, पुढे पळतात आणि परत त्या पट्टीशी आले की ठप्प.

मोठी माणसं तर जास्तच छळतात. गुरुवारी येणारे निवृत्त पोस्टमास्तर नखं अगदी मुळापासून कापून यायचे, म्हणून मी त्यांना दोनदा दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा मात्र ते अंगठ्याचं नख वाढवून आले. वहीत जिथे जिथे पांढरी पाच येते तिथे पेन्सिलनं वर जाणारा बारीक बाणही काढून आले. माझ्या एका छोट्या विद्यार्थिनीला, चिमणीला, ते बाण इतके आवडले की तिनंही आपल्या वहीत काढले. मी दोघांची पाठ थोपटली.

पट्टी दुरुस्त का करून घेतली नाही, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. तरी सांगते. आमचे वडील पियानो दुरुस्त करायचे. ते गेल्यावर पियानो माझ्याकडे आला आणि हत्यारं दादाकडे. वाटणीच्या दिवशी दादा सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "वाजवता येतं म्हणून सांभाळता येईलच असं नाही. हिच्याकडे याचं सरपण होणार." मीही म्हणाले, "तुझा हातसुद्धा लागू देणार नाही याला!" त्यानंतर दोन महिन्यांतच पांढरी पाच बसली. आता कुठल्या तोंडानं बोलावू? इथे पियानो दुरुस्त करणारे दोघेच, एक दादा आणि दुसरा दादाचा चेला.

तर चिमणी. दहा वर्षांची, हाडकुळी, सतत नाक ओढणारी, आणि वीस वर्षांत माझ्याकडे आलेला सगळ्यात चांगला हात. मोठ्या संगीतशाळेत पियानोला दरवर्षी चारच मुलं घेतात, तीही अकराच्या आतली. म्हणजे हिला ही एकच संधी. तिच्यापेक्षा मलाच जास्त धडधडत होतं.

परीक्षेच्या दिवशी मी बंद दाराबाहेर बाकावर बसले. सुरुवात अशी केली पोरीनं की मी डोळेच मिटले. दुसऱ्या ओळीत मध्येच जरासं अडखळल्यासारखं झालं. मग पुन्हा. मग पुन्हा. कुठे अडखळतेय ते माझ्या लक्षात आलं आणि मी बाकावरून उठलेच.

दार उघडलं. मोठ्या परीक्षकबाईंनी मला आत बोलावलं.

"पियानोत काही बिघाड नाही, मी स्वतः तपासलाय. मग या मुलीचा अंगठा दर वेळी याच पट्टीखाली का जातो?"

मी तोंड उघडायच्या आत चिमणीच अभिमानानं म्हणाली, "तिथे उचलायचं असतं. आमच्या बाईंनी शिकवलंय." आणि तिनं वहीतले बाण दाखवले.

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"हात गुणी आहे म्हणून आठ दिवस देते," परीक्षकबाई म्हणाल्या. "सवय मोडून आणा. नाही मोडली तर माझ्याकडे रदबदलीला येऊ नका."

बाहेर आल्या आल्या मी दादाला फोन केला. तीन वर्षांचं भांडण ओठांवर होतं, पण बाहेर एवढंच पडलं, "पांढरी पाच बसलीय. ये."

आम्ही घरी पोचलो आणि अर्ध्या तासात तो वडिलांची हत्यारांची पिशवी घेऊन दारात. त्यानं पट्टी बाहेर काढली, आतली खीळ घासली, दमटपणानं फुगलेलं कापड चिमट्यानं दाबलं आणि पट्टी परत बसवली. पंधरा मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होते. त्यानं पट्टी दाबली, ती टुणकन वर आली. तो बोलला असता तर मी भांडले असते. तो काही बोललाच नाही, म्हणून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

तो राग निघाला चिमणीवर. ती वाजवायला बसली आणि अंगठा गेलाच खाली.

"उचलू नकोस!"

पुन्हा गेला.

"अगं, उचलू नकोस म्हणते ना!"

चौथ्या वेळी तिनं हात मांडीवर घेतले. "तीन वर्षं उचल उचल म्हणून ओरडलात. आता नको म्हणून ओरडताय. मी नक्की करू तरी काय?"

"सरक. बघ कसं वाजवायचं ते," म्हणून मी बसले, आणि दुसऱ्याच ओळीत माझं नख पट्टीखाली.

"बाई, तुम्हीपण!"

दादा हत्यारं भरता भरता फिसकन हसला.

"दात काय काढतोस?" मी म्हणाले. "उद्यापासून रोज पाच वाजता ये. आम्हा दोघींवर ओरडायला कुणीतरी हवं."

तो आला. आठही दिवस वडिलांची लाकडी फूटपट्टी घेऊन शेजारी बसला आणि "अंगठा!" म्हणून आम्हा दोघींवर सारखाच खेकसला. वडील गेल्यापासून मला इतकं कुणी रागावलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

नवव्या दिवशी मी त्याच बाकावर अंगठा मुठीत आवळून बसले होते. चिमणी एकदाही अडखळली नाही. यादीत चौथं नाव तिचं लागलं.

त्या आठ दिवसांत बाकीच्या शिकवण्या बंद होत्या; पुढच्या गुरुवारी पोस्टमास्तर आले. त्यांनी पांढरी पाच दाबली, नेमानं नख खाली घातलं आणि पट्टी आधीच वर आलेली बघून दचकले. मी सांगितलं, दुरुस्त झाली, आता उचलायची गरज नाही. खरं म्हणजे पंधरा मिनिटांचंच काम होतं, तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, वहीची पानं हळूहळू उलटली. पानोपानी बाण होते. मग त्यांनी उजवा अंगठा माझ्यासमोर धरला.

"बाई, मग हे आता कापलं तर चालेल? शर्टाची बटणं लावताना फार अडतं हो."

मला हसू फुटणार होतं, पण त्या अंगठ्याकडे बघून ते मावळलं.

"कापा," मी म्हणाले. "आणि मला माफ करा."