शेडमधला समुद्र

"मंगलाबाई, ती घरं काढून टाका," जीवन साहेब कठड्यावरून म्हणाले.

मंगलाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वाळूत गुडघे टेकून ती खाडीच्या तोंडाशी थापी फिरवत होती, आणि हातातलं काम सोडून वर बघायची तिला सवय नव्हती.

नाशिकला समुद्र नाही. पण शहराबाहेरच्या एका संशोधन केंद्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो गेले काही महिने होता. वाढत्या समुद्रापासून राज्याचा किनारा कसा वाचवायचा याचा आराखडा मुंबईत चालला होता, आणि त्यातल्या एका खाडीवर भिंत बांधली तर पाणी कुठे जाईल हे छोट्या प्रमाणात करून बघायचं काम इथे आलं होतं. किनारा, खाडी, मागची बाजारपेठ, सगळं वाळू-सिमेंटमध्ये हुबेहूब उभं करायचं, पंपाने पाणी भरायचं, एका टोकाच्या लाकडी फळीने लाटा उठवायच्या आणि बघत बसायचं. नकाशे साहेबांचे, हात मंगलाबाईचे. मखमलाबादच्या माळ्याघरची ही बाई कंत्राटदाराच्या हजेरीवर आली तेव्हा नुसती घमेली वाहायची. आता केसांत पांढरं आलं होतं आणि निम्म्या महाराष्ट्राच्या नद्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. नोकरीत पक्की मात्र तिला कोणी केली नाही. तिनेही कधी विचारलं नाही, कारण 'नाही' ऐकून घेणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

"मी काहीतरी म्हणालो."

"कोणती घरं?"

"भिंतीच्या बाहेरची. समुद्राकडची."

"ती खाजणवाडी हाय."

"नकाशात नाहीये. नकाशात तिथे नुसती वाळूची पुळण आहे."

"नकाशात नसंल. तिथं हाय. तुम्हीबी होते की तेव्हा. मासे खाल्ले तुम्ही त्यांच्याकडं."

साहेब नांदगावचे. टँकरच्या पाण्यावर वाढलेला माणूस समुद्राला आवर घालायला बसलाय, अशी स्वतःचीच चेष्टा ते करायचे. माणूस वाईट नव्हता, आणि म्हणूनच मंगलाबाईला त्यांचा जास्त राग आला.

मोजमापं घ्यायला पथक किनाऱ्यावर गेलं तेव्हा ती हट्टाने बरोबर गेली होती. वाडीत सावित्रीबाई नावाच्या बाईने सगळ्यांना जेवायला घातलं. मंगलाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ दिसल्यावर त्या बाईने एक शब्द न विचारता नवं पातेलं काढलं, मासळीच्या चुलीपासून लांब अंगणात दगड मांडले आणि वेगळी वालाची उसळ केली. वाढता वाढता म्हणाली, "तुझ्या त्या समुद्रात आमची वाडी पण ठेव हां. आम्हाला कोण धरत नाय कशात." मंगलाबाई "ठेवते" म्हणाली. जेवत्या ताटावर दिलेला शब्द होता तो. परत आल्यावर तिने काड्यापेटीच्या साच्यात सिमेंटची घरं पाडली, घोसाळ्याच्या वाळल्या जाळीचे माड केले आणि वाडी होती तिथे वसवली.

साहेब कठड्यावर बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, उद्या मुंबईहून समिती येतेय. भिंतीबाहेर वस्ती दिसली की प्रश्न निघणार, फाइल परत जाणार, चार पावसाळे असेच जाणार. तोवर मागची पेठ बुडेल. तिथेही माणसंच राहतात ना? शाळा आहे, दवाखाना आहे."

हे खरं होतं. मंगलाबाईला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच तिने थापी खाली ठेवली.

"मग वाडीचं काय?"

"वाडी तशीही बुडणारच आहे. भिंत झाली तरी आणि नाही झाली तरी."

"मग बुडताना दिसू द्या की."

साहेब उठताना एवढंच म्हणाले, "सकाळी जागा मोकळी पाहिजे."

"मी लावलीत. मी नाय काढणार."

शेवटी साहेबांनीच बूट काढले, पँट दुमडली आणि वाळूत उतरले. एकेक घर उचलून त्यांनी चहाच्या कपांच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं, आणि एकही फुटू दिलं नाही. मंगलाबाई बाहेर गेली आणि नळाखाली थापी धूत बसली. रडू यायला लागलं की तिला धुवायला काहीतरी लागायचं.

शेडची एक रीत होती. नव्या मांडणीत पहिलं पाणी सोडण्याआधी, जिच्या हाताने मांडणी झाली तिनेच फुलं वाहायची, नारळ फोडायचा, आणि पाणी चढेपर्यंत त्या फुलांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बाहेरून शिकून आलेले इंजिनिअरही ही रीत मोडत नसत. पूर्वी एकदा नारळाशिवाय पाणी सोडलं आणि पंप जळला, ही गोष्ट भिकन पंपवाला प्रत्येक नव्या साहेबाला पहिल्याच आठवड्यात ऐकवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलाबाईने आपल्या वावरातला झेंडू खुडला. सून हर्षाली गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, विकायला टोपली भरत होती. ती म्हणाली, "आई, टपोरी सगळी तुम्हीच घेतली. मी गंगेवर काय विकू?"

"बारकी विक. मला आज घरं बांधायचीत."

शेडमध्ये येऊन ती वाळूत उतरली. घरं उचललेल्या जागी चौकोनी खुणा अजून तशाच होत्या. प्रत्येक खुणेवर तिने एक झेंडू बसवला, सावित्रीबाईच्या घराच्या जागी सगळ्यांत मोठा. मग नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. भिकन सटाण्याकडचा. घाबरला की त्याची अहिराणी जिभेवर यायची.

"हाई काय शे, ताई?"

"पूजा."

"पूजा तर तू दर वेळी कोपऱ्यात करते."

"आज समुद्रकाठी केली."

जीवन साहेब आले, त्यांनी बघितलं आणि त्यांना काय ते कळलं. वाकून त्यांनी हात पुढे केला. तेवढ्यात समितीच्या गाड्या फाटकातून आत आल्या. शेडमधले सगळे साहेबांच्या हाताकडे बघत होते. त्यांनी हात मागे घेतला आणि शर्टाची बाही सारखी केली.

समितीच्या अध्यक्ष म्हणून एक पोक्त बाई होत्या. त्यांना खुर्ची दिली, पण त्या उभ्याच राहिल्या. भिकनने पंप सुरू केला. समुद्र चढू लागला, फळी हलू लागली, लाटा आल्या. भिंत टिकली. मागची पेठ कोरडी ठणठणीत राहिली आणि समितीतले दोघे-तिघे टाळ्या वाजवू लागले.

झेंडू मात्र उठले होते. पाण्याने त्यांना जागेवरून अलगद उचललं आणि लाटेने भिंतीवर नेऊन आपटलं. लाट मागे गेली, फुलं मागे गेली. लाट आली, फुलं पुन्हा भिंतीवर आपटली. भिंतीला दार नव्हतं. टाळ्या हळूहळू थांबल्या.

"ही फुलं कसली?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पूजेची, मॅडम. इथली रीत आहे," साहेब म्हणाले.

"घरं हायेत ती," मंगलाबाई म्हणाली.

इतक्या वर्षांत ती पाहुण्यांसमोर कधी बोलली नव्हती. तिचा आवाज कापत होता. त्याची तिला चीड आली आणि ती आणखी मोठ्याने बोलली. "भिंतीच्या ह्या अंगाला वाडी हाय. जिथं फूल तिथं घर. माणसं राहतात, सैपाक करतात, आल्यागेल्याला जेवू घालतात. भिंत बांधा, नाय कोण म्हणतं. पण ही माणसं बाहेर ठेवून बांधताय, ते बघून बांधा."

अध्यक्षबाई साहेबांकडे वळल्या. "आराखड्यात अशी वस्ती आहे?"

"नाही, मॅडम." साहेबांनी पाण्याकडे बघितलं. "आराखड्यात नाही. पण आहे."

"नाव काय वाडीचं?"

साहेबांना आठवेना. त्यांनी मंगलाबाईकडे पाहिलं.

"खाजणवाडी," ती म्हणाली.

अध्यक्षबाई स्वतःशी ते नाव एकदा पुटपुटल्या. पुढे कोणी कसला शब्द दिला नाही. चहा झाला, गाड्या गेल्या.

थोड्या वेळाने साहेब मोबाइल खिशात घालत आले. "भिंतीचं सध्या थांबलंय. फेरविचार म्हणतायत. आणि..." ते अडखळले. "कंत्राटदाराचा फोन होता. उद्यापासून तुमची हजेरी नाही. मी नाही सांगितलं, मंगलाबाई. वरून आलं."

"तुम्ही नाय सांगणार. ठाऊक हाय मला."

"पेठ बुडाली तर?"

"पेठेचं मलाबी वाईट वाटतंय, साहेब."

"मग काय करायचं?"

"भिंत जरा वाडीच्या पुढं घ्या," मंगलाबाई म्हणाली.

भिकनने पाणी सोडून दिलं होतं. समुद्र ओसरला आणि झेंडू निचऱ्याच्या जाळीशी येऊन अडकले. तिने ते ओंजळीत गोळा केले आणि पुन्हा वाळूत उतरली. चौकोनी खुणा पाण्याने पुसल्या होत्या, पण तिला वाडीची वाट पाठ होती. एकेक फूल तिने जागच्या जागी ठेवलं. सावित्रीबाईच्या घरासाठी फूल उरलं नाही. तो मोठा झेंडू जाळीत चुरगाळून पाण्याबरोबर निघून गेला होता. मंगलाबाई त्या रिकाम्या जागेशी वाकली. मग तिने कमरेची थापी काढली आणि तिथे रोवली.

"ताई, थापी राहिली तुझी," ती फाटकाकडे निघाली तेव्हा भिकन म्हणाला.

"राहू दे. उद्या न्यायला येईन."

"उद्या तुला आत कोण सोडणार?"

"थापी माझी हाय. न्यायला यावंच लागंल मला," ती म्हणाली आणि चालू लागली.

भिकन झाडू घेऊन वाळूत उतरला, भिंतीपर्यंत आला आणि थांबला. पलीकडे ओल्या वाळूत, झेंडूंच्या मधोमध, थापी उभी होती. त्याने झाडू खांद्यावर टाकला आणि तो भिंतीच्या अलीकडूनच परत फिरला.